कडी आतून हवी

मैथिलीनं फोनवर बजावलं होतं, “मी येण्याआधी तू एकदा टेप घेऊन जा आणि स्वतः मापं घे. कच्ची चालतील. जिथं रोज उभं राहायचं ती जागा एकदा आपल्या हातानं मोजली ना, की काय हवं आणि काय नको ते आपसूक सुचतं.”

मैथिली ही सुनीतीची शाळेपासूनची मैत्रीण. गोत्रीला तिचं छोटंसं ऑफिस होतं आणि लोकांची स्वयंपाकघरं आखून देणं हाच तिचा धंदा होता. तेव्हा तिचं ऐकणं भाग होतं. चैत्र संपायला आला होता. सुनीतीनं मांजलपूरच्या फ्लॅटला कुलूप घातलं, पर्समध्ये टेप, लाल पेन्सिल आणि वही टाकली आणि भर दुपारी स्कूटर प्रतापगंजाकडे वळवली. बडोद्याचं ऊन त्या दिवसांत असं असतं, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला अंग चोरून पडलेली असतात आणि सबंध गल्लीत एखाद्या कुलरची घरघर तेवढी ऐकू येते.

प्रतापगंजातलं ते घर तिच्या सासऱ्यांचं. सासऱ्यांचं नाव जयसिंगराव, पण घरीदारी सगळे बापूच म्हणत. त्यांच्या वडिलांनी एकोणीसशे साठच्या आसपास बांधलेलं, बैठं, चार खोल्यांचं, मागे अंगण असलेलं घर. सासूबाई, वसुंधराबाई, तीन वर्षांपूर्वी गेल्या आणि तेव्हापासून बापू तिथं एकटेच राहत. दुपार-संध्याकाळचा डबा शेजारच्या सोसायटीतल्या एक बेन पाठवायच्या. चहा बापू बाहेरच्या खोलीतच विजेच्या शेगडीवर करून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीत पडले, खुब्यात पट्टी बसवावी लागली आणि चालायला वॉकर आला. शेवटी सुनीतीच्या नवऱ्यानं, हेमचंद्रनं ठरवलं, की आता फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि आपणच बापूंजवळ जाऊन राहायचं. सुनीतीची अट एकच होती. स्वयंपाकघर नवं करायचं.

ती पोचली तेव्हा बापू खाटेवर पडून छताकडे बघत होते.

“बापू, मी आत मापं घेते हं. तुम्ही पडा.”

“घे,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “दार लोटू नकोस.”

हे सुनीतीला नवीन नव्हतं. सासूबाईही स्वयंपाकघराचं दार कधी लोटू द्यायच्या नाहीत, जड वरवंटा लावून ते उघडं ठेवायच्या. बापू तर त्या खोलीत पाऊलच टाकत नसत. सासूबाई त्यांचं ताट बाहेर आणून देत. जुन्या माणसांच्या तऱ्हा, असं म्हणून सुनीतीनं पंचवीस वर्षांत त्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

तीन वर्षं वापरात नसलेल्या स्वयंपाकघराला जसा वास यावा तसाच वास होता. धूळ, जुनं तेल, मुंग्यांची पावडर. दक्षिणेच्या भिंतीला उभा ओटा, वर काळपट फळ्या, पूर्वेला एकच खिडकी. गॅसचा सिलिंडर सासूबाई गेल्यावरच परत केला होता. सुनीतीनं खिडकी ढकलून पाहिली. ती पावसाळ्यांनी फुगून चौकटीत घट्ट बसली होती. मग तिनं मापं घ्यायला सुरुवात केली. लांबी अकरा फूट चार इंच. रुंदी नऊ फूट. दाराची उंची घेताना तिच्या लक्षात आलं, की दाराला कडी फक्त बाहेरून आहे. आतल्या बाजूला काहीच नव्हतं, कधी असल्याची खूणही नव्हती. तिनं वहीत लिहिलं, ‘दार बदलणे.’

नवा ओटा किती उंच हवा ते मैथिलीनं सांगितलं होतं. सुनीतीच्या उंचीला चौतीस इंच. तिनं जमिनीपासून टेप धरला आणि उरलेल्या तिन्ही भिंतींवर लाल पेन्सिलीनं चौतीस इंचांवर रेघा मारल्या. मागे सरून पाहिलं. रिकाम्या भिंतींवर त्या रेघा पाहून तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मैथिली आली. दारातच थबकली.

“हे काय गं? ओटा इतका खाली?”

सुनीती तिच्या मागून आत शिरली. लाल रेघा तिन्ही भिंतींवर होत्या, सरळ, एकसारख्या. पण त्या तिच्या गुडघ्याच्याही खाली होत्या.

मैथिलीनं टेप लावला. “अकरा इंच. बसून काम करणाऱ्या माणसाचं माप आहे हे. बापूंना खाली बसून काही करायचंय का?”

“बापूंना खुर्चीवरसुद्धा नीट बसता येत नाही, मैथिली. मी चौतीसवर मारल्या होत्या.”

“मग टेप उलटा धरला असशील. होतं असं,” मैथिली हसली.

सुनीती हसली नाही. ती भिंतीजवळ गेली आणि चौतीस इंचांच्या जागी तिनं बोट फिरवलं. रेघ पुसली असती तर लालसर डाग राहिला असता, चुना खरवडला गेला असता. तिथं काही नव्हतं. जणू तिथं कधी कुणी पेन्सिल टेकवलीच नव्हती.

मैथिलीनं आपली मापं घेतली, फोटो काढले आणि जाताना प्रश्नांचा एक छापील कागद ओट्यावर ठेवला. प्रत्येक घराला ती तो देत असे. रावपुरा, दांडिया बाजारातल्या मराठी घरांसाठी तिनं मराठीतच छापून घेतला होता. “सावकाश भर. जो रोज स्वयंपाक करतो त्यानंच भरायचा, दुसऱ्यानं नाही. खरी उत्तरं तिथंच मिळतात.”

सुनीतीला त्या दिवशी बँकेत जायचं होतं. कागदावर आपलीच पेन्सिल ठेवून ती निघाली. दुपारी अडीचला परत आली. बापूंचा डबा तसाच झाकलेला होता. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. सुनीती कागद आणायला म्हणून आत गेली.

कागद भरलेला होता.

आधी तिला वाटलं, मैथिली परत येऊन गेली. मग तिनं अक्षर पाहिलं. बारीक, गोल, पाटीवर गिरवून शिकलेल्या माणसाचं. प्रत्येक शब्दावरची रेघ वेगळी, काळजीपूर्वक ओढलेली. तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली.

‘स्वयंपाक मुख्यतः कोण करतं?’ याच्यापुढे लिहिलं होतं, ‘मी.’

‘करणाऱ्याची उंची?’ पुढे, ‘बसून.’

‘घरात जेवणारी माणसं किती?’ पुढे, ‘सहा. मग मी.’

‘उजेड आणि हवा पुरेशी आहे का?’ पुढे, ‘खिडकी लावून घेतात.’

‘काम करताना हाताशी काय असावं?’ पुढे, ‘पाणी.’

शेवटचा प्रश्न होता, ‘या स्वयंपाकघरात तुम्हाला काय बदलावंसं वाटतं?’

आणि त्याच्यापुढे, पेन्सिल जरा दाबून, ‘कडी आतून हवी.’

बाहेर कुठंतरी कबुतर घुमत होतं. सुनीतीच्या कानात त्या आवाजाखेरीज काही शिरेना. तिनं मागे पाहिलं नाही. मागे पाहावं असं तिला वाटलंच नाही, कारण मागे खाली, जमिनीलगत कुणीतरी आहे आणि ते आपण वाचून संपवण्याची वाट पाहतंय, असं तिला स्पष्ट जाणवत होतं. ती कागद घेऊन, भिंतीला धरून, आडवी चालत बाहेर आली.

बापू जागे होते. तिच्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

“बापू… हे तुम्ही लिहिलंत?”

त्यांनी हात पुढे केला. चष्मा न लावताच कागद डोळ्यांशी धरला. त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीशी ते आले आणि कागद त्यांच्या छातीवर पडला.

“चिमाताईचं अक्षर आहे,” ते म्हणाले. “मीच शिकवलं होतं तिला. शाळेतून आलो की.”

“कोण चिमाताई?”

“माझी थोरली बहीण.”

सुनीतीला माहीत होतं, बापूंना एकच बहीण, धाकटी माईआत्या, ती ग्वाल्हेरला दिलेली होती आणि दहा वर्षांपूर्वी वारली. घरात कुठं दुसऱ्या बहिणीचा फोटो नव्हता. श्राद्धपक्षात तिचं नाव कुणी घेत नसे. हेमचंद्रलाही असं कुणी असल्याचं ठाऊक नव्हतं.

बापू बोलायला लागले. आवाज इतका हळू, की सुनीतीला खाटेच्या कडेला बसून वाकावं लागलं.

“चार वर्षांची असताना ताप आला आणि तिचे पाय गेले. हातांवर सरकत चालायची. शाळा नाही, बाहेर जाणं नाही. सोळाव्या वर्षापासून सबंध घराचा स्वयंपाक तिच्याकडे होता. खालचा ओटा होता तेव्हा, ती बसून करायची. तिथंच जेवायची, तिथंच निजायची. आणि घरात कुणी परकं माणूस आलं, की बाबा दाराला बाहेरून कडी घालायला सांगायचे. मुलीची बहीण अशी आहे हे कळलं, तर धाकटीला कोण करून घेणार, असं म्हणायचे.”

“आणि तुम्ही?”

“मी एकोणीस वर्षांचा होतो. हे नवं घर झालं त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात ग्वाल्हेरची माणसं माईला बघायला आली. अशीच दुपार होती. ताईनं पहाटेपासून सगळं केलं होतं. मसालेभात, पुऱ्या, श्रीखंड. पानं बाहेर मांडली. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं… आणि मी आत जाऊन खिडकी लावली, बाहेर येऊन कडी घातली. दोन शेगड्या आत पेटलेल्या होत्या, कोळशाच्या. चहाला लागतील म्हणून विझवल्या नव्हत्या.”

ते थांबले. सुनीतीनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

“पाहुणे हसत होते, बोलत होते. तेवढ्यात तिनं पळीनं दार वाजवलं. तीनदा. दाराशेजारी मीच बसलो होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. बाबांनाही आलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली… नाही म्हणून. मी उठलो नाही. मोठ्यानं काहीतरी बोललो, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पुन्हा वाजलं नाही. साडेचारला पाहुणे गेले. लग्न ठरलं होतं. मी कडी काढली. ती दाराला टेकून बसली होती, त्यामुळे दार उघडल्याबरोबर बाहेर… माझ्या पायांवर पडली.”

सुनीतीनं पेला खाली ठेवला.

“हृदय बंद पडलं असं सांगितलं सगळ्यांना. तिचं ताट तसंच होतं. ती सगळ्यांच्या मागून जेवायची ना. पुढच्या वर्षी बाबांनी उभा ओटा बांधून घेतला. वसुंधरेला मी लग्नानंतर सगळं सांगितलं. ती म्हणाली, दार उघडं ठेवू, बस्स. पन्नास वर्षं उघडं ठेवलं तिनं. काही झालं नाही कधी.” बापूंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “तिला काय हवं ते कुणी विचारलंच नव्हतं, सुनीती. तू कागद ठेवलास. तू विचारलंस.”

हेमचंद्र गोरव्यात एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याला सुनीतीनं संध्याकाळी सगळं सांगितलं, कागद दाखवला. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, बापूंनीच लिहिलं असेल, मनात इतकी वर्षं ठेवलेलं असं बाहेर पडतं. पण बहीण होती हे त्यालाही खोटं वाटलं नाही. “ती म्हणते ते करून टाक,” तो म्हणाला. “कडी लावायला काय जातंय?”

सुनीती मुळात भित्री नव्हती. आणि आता भीतीपेक्षा तिला त्या मुलीची कीवच जास्त येत होती. तिनं मैथिलीला फोन करून आराखडा बदलायला लावला, एका बाजूला अकरा इंचांचा खालचा ओटा घालायला सांगितला. मैथिलीनं कारण विचारलं नाही. सुनीतीनं रमणभाई सुताराला बोलावलं. त्यानं पटाशीनं खिडकी मोकळी केली, बाहेरची कडी उपसून काढली आणि नवी पितळी कडी आतून ठोकली. जमिनीपासून दोन फुटांवर. सुनीतीनं तिथंच लावायला सांगितली होती.

“बेन, इतकी नीची?” रमणभाई म्हणाला. “लहान छोकरं खेळत खेळत बंद करून घेईल.”

“घरात लहान कुणी नाही,” ती म्हणाली.

काम आटोपून तो उठला, हत्यारं गोळा करू लागला आणि मधेच थांबला. “अंदर कोई रांधे छे, बेन?” त्यानं हलकेच विचारलं. आत कुणी स्वयंपाक करतंय का? सुनीतीनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं चपला पायात अडकवल्या आणि चहासुद्धा न घेता गेला.

सुनीतीनं पाण्याची कळशी भरून आत ठेवली. खिडकीतून उजेड येत होता. तिनं रिकाम्या खोलीला हात जोडले आणि अगदी सहज, घरातल्या कुणाशी बोलावं तशी ती म्हणाली, “ताई, तुमच्या मनासारखं करतोय आम्ही.” आणि तिला खरंच हलकं वाटलं. एक मोठं काम आपल्या हातून झालं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापू म्हणाले, “मला आत जायचंय.”

त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा. सुनीतीनं त्यांना वॉकरसह दारापर्यंत नेलं. उंबऱ्याशी त्यांनी तिचा हात सोडवला. “मी एकटा जातो. तिच्याशी बोलायचंय.” ते आत गेले. दार त्यांनी लोटलं की आपोआप लोटलं गेलं, ते सुनीतीला नंतर कधी नक्की सांगता आलं नाही. मग कडी पडल्याचा आवाज आला. दोन फुटांवरची ती कडी. वाकून चप्पल सरळ करणंही बापूंना जमत नव्हतं.

“बापू?”

सुनीती दाराशी उभी राहिली. क्षणभरात आतून बापूंचा आवाज यायला लागला, शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. लहान मूल चूक कबूल करतं तसा. मग तोही थांबला. आणि त्यानंतर वास आला.

पुऱ्या तळल्याचा वास. तापलेल्या तुपाचा, वेलदोड्याचा, मसालेभातात वरून घातलेल्या ओल्या खोबऱ्याचा. सगळा वास असा ताजा, की तिच्या तोंडाला पाणी सुटलं. आत ना गॅस होता, ना भांडं, ना चिमूटभर पीठ. आत बांगड्या वाजत होत्या. काचेच्या, दोन-चारच. पळी भांड्याच्या काठावर आपटत होती, आणि जमिनीवरून काहीतरी सरकत जात होतं. इकडून तिकडे. थांबत होतं. पुन्हा तिकडून इकडे.

“बापू, दार उघडा…”

सरकणं थांबलं नाही.

सुनीतीनं दोन्ही हातांनी दार ठोकायला सुरुवात केली. हाका मारल्या. धावत मागच्या अंगणात गेली, पण कालच मोकळी केलेली खिडकी आतून बंद होती आणि काचेवर आतल्या बाजूनं वाफ धरली होती. त्या वाफेतून तिला काहीच दिसलं नाही. परत दाराशी येऊन तिनं हेमचंद्रला फोन लावला. फोन करताना घड्याळ पाहिलं होतं म्हणून तिला वेळ पक्की आठवते. तीन वाजून वीस मिनिटं. हेमचंद्रला कारखान्यातून सुटायलाच तासभर लागला. साडेचारला, हेमचंद्रची मोटरसायकल फाटकाशी थांबली त्याच वेळी, कडी निघाली.

बापू जमिनीवर बसले होते. मांडी घालून, पाठ ताठ. खुब्यात लोखंडाची पट्टी असलेला ब्याऐंशी वर्षांचा माणूस. वॉकर कोपऱ्यात घडी घालून ठेवला होता. त्यांच्यापुढे ताट नव्हतं, काही नव्हतं. उजव्या हाताची बोटं ओली होती आणि घामानं सदरा अंगाला चिकटला होता. खोलीत वासाचा लवलेशही उरला नव्हता. कळशी मात्र रिकामी झाली होती.

हेमचंद्रनं आणि सुनीतीनं मिळून त्यांना उचलून खाटेवर आणलं.

“बापू, काय झालं? बोलली ती?” सुनीतीनं विचारलं. “क्षमा केली?”

बापू विचार करू लागले. “बोलली नाही काही,” ते म्हणाले. “मी पुष्कळ बोललो. रडलो. ती नुसती वाढत राहिली. मी पुरे म्हटलं… हात आडवा धरला… तरी वाढत राहिली.”

त्या संध्याकाळी डब्याला त्यांनी हात लावला नाही. “आत्ताच जेवलो,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. दुपारीही तेच. सुनीतीनं भात मऊ कालवून चमचा ओठांना लावला, तर त्यांनी हातानं बाजूला सारला. चिडून नव्हे, गच्च जेवलेला माणूस सारतो तसा. “अगं, जागा कुठाय? आत्ताच उठलोय पानावरून.”

तिसऱ्या दिवशी सुनीतीनं निर्णय घेतला. त्या घरात राहायला जायचं नाही, स्वयंपाकघर करायचं नाही, काही करायचं नाही. हेमचंद्रनं वाद घातला नाही. बापूंना गाडीत घालून त्यांनी मांजलपूरला आणलं आणि प्रतापगंजच्या घराला कुलूप लावलं. मैथिलीला तिनं एवढंच कळवलं, की काम रद्द, आराखडा तुझ्यापाशीच ठेव. निघताना सुनीतीनं स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवलं होतं, वरवंटा लावून, खिडकीही उघडी. तिला वाटलं, तिथलं जे काही आहे ते तिथंच राहील. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली मुलं क्रिकेट खेळतायत, शेजारच्या भाभी लोणच्याची बरणी घेऊन येतायत… इथं कोण येणार?

पण बापू जेवेनात. घोटभर पाणी तेवढं घेत. बाकी ते शांत असत. पूर्वी रात्रंदिवस त्यांच्या कपाळावर असलेली आठी गेली होती. दुपारी दोननंतर ते पलंगावर उठून बसत, हात पुढ्यात धरून, आणि त्यांचा जबडा सावकाश हलत राही. सुनीतीनं एकदा विचारलं, “बापू, तोंडात काय आहे?” ते ओशाळल्यासारखे हसले आणि गिळले.

नऊ दिवस झाले. हेमचंद्र घाबरला. नळी घालून अन्न द्यावं लागेल की काय, दवाखान्यात ठेवावं लागेल की काय, याची चर्चा सुरू झाली. त्याला कारखान्यातून निघता येईना, म्हणून सुनीतीच त्यांना रिक्षानं डॉक्टरांकडे घेऊन गेली. दुपारी चारची वेळ दिली होती, पण गर्दीमुळे बाकड्यावर बसून बसून सहा वाजले. सबंध वेळ बापूंचा हात तिच्या हातात होता. त्यांनी काही खाल्लं नाही, मागितलं नाही, जागचे हलले नाहीत.

आत गेल्यावर सुनीतीनं सगळं सांगितलं. नऊ दिवसांत अन्नाचा कण पोटात नाही. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. मग नर्सनं बापूंना आधार देऊन काट्यावर उभं केलं. डॉक्टरांनी जुनी फाईल उघडली, काट्याकडे पाहिलं, पुन्हा फाईलकडे पाहिलं.

“बेन, काहीतरी गैरसमज होतोय तुमचा. फेब्रुवारीत बावन्न किलो होते. आज एकोणसाठ आहेत.” ते बापूंकडे वळून हसले. “काका, छान जेवताय की! सुनेला उगाच घाबरवताय होय?”

आता डॉक्टरांनी म्हटल्यावर सुनीतीला दिसलं. गाल भरले होते. मनगटावरचं घड्याळ कातडीत रुतलं होतं. सदऱ्याची मधली दोन बटणं ताणली गेली होती.

परतीला तिनं रिक्षा केली. सिग्नलला रिक्षा थांबली. बापूंचा डोळा लागला होता, मान तिच्या खांद्यावर कलली होती. त्यांच्या हनुवटीला काहीतरी चिकटलेलं तिला दिसलं. पिवळंसं, बारीक. तिनं ते बोटाच्या टोकानं अलगद टिपलं आणि उजेडात धरलं.

मसालेभाताचं शीत होतं. तुपानं ओलं आणि चटका बसावा इतकं गरम.